यूट्यूबर खेळतो तो गेम वेगळा, तुम्ही विकत घेता तो वेगळा

गेमिंगच्या कुठल्याही ग्रुपवर ‘अमुक गेम घेऊ का?’ असं विचारून बघा. उत्तरं धडाधड येतात, पण स्वतः खेळून पाहिलेल्यांची थोडीच. ‘अरे, त्याने तर पार सालटी काढलीत त्याची’, ‘तमक्याने दहापैकी नऊ दिलेत, डोळे मिटून घे’. विचारणाऱ्याचं ग्राफिक्स कार्ड कुठलं, रोज खेळायला अर्धा तास मिळतो की अख्खी रात्र, सोबत खेळणारं कोणी आहे का, यातलं काही कोणी विचारत नाही. आणि घेतलेला गेम आवडला नाही की लगेच दुसरं टोक: ‘सगळे यूट्यूबर विकले गेलेत.’

विकले जातात, नाही असं नाही. सगळ्यात ठळक, कागदोपत्री नोंद असलेलं उदाहरण २०१४ चं. शॅडो ऑफ मॉर्डोर हा गेम बाजारात आला तेव्हा वॉर्नर ब्रदर्सने एका एजन्सीमार्फत यूट्यूबरना पैसे दिले, कुणाला शेकड्यांत तर कुणाला हजारो डॉलर. अट अशी की गेमबद्दल चांगलंच बोलायचं, बग-ग्लिच म्हणजे गेममधले दोष दाखवायचे नाहीत. पैसे घेतल्याचं सांगायचं, पण कुठे? व्हिडिओखालच्या डिस्क्रिप्शनमध्ये, जिथे ‘आणखी दाखवा’ दाबल्याशिवाय नजर पोचत नाही. काहींनी तर ‘गेम आधी खेळायला मिळाला’ एवढंच लिहून वेळ मारून नेली. हे व्हिडिओ ५५ लाखांवर वेळा पाहिले गेले, त्यातला प्यूडीपाय या नावाजलेल्या यूट्यूबरचा एकट्याचा ३७ लाख. प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं आणि जुलै २०१६ मध्ये तडजोड झाली. गंमत म्हणजे गेम मुळात चांगला होता. पैसे दिले नसते तरी कौतुक झालंच असतं.

आपल्याकडेही जाहिरात क्षेत्राच्या अ‍ॅस्की या संस्थेची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली १४ जून २०२१ पासून लागू आहे. व्हिडिओ दोन मिनिटांपेक्षा मोठा असेल तर ज्या भागात त्या वस्तूचा प्रचार चालतो तो संपेपर्यंत ‘जाहिरात’ असं लेबल दिसलं पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. म्हणजे पैशाच्या बाजूला निदान कायदा तरी आहे. फुकट मिळणाऱ्या की-चं, म्हणजे गेम चालू करायच्या कोडचं, प्रकरण जास्त निसरडं. मे २०२४ मध्ये मार्व्हल रायव्हल्स या गेमच्या चाचणीसाठी क्रिएटर मंडळींना जो करार पाठवला गेला त्यात गेमची निंदा करायची नाही असं कलमच होतं. एका स्ट्रीमरने ते जाहीर केलं म्हणून बोभाटा झाला, कंपनीने माफी मागितली आणि कलम बदललं. तो गप्प बसला असता तर सगळीकडे छान-छान व्हिडिओ दिसले असते आणि त्यातल्या एकावरही ‘जाहिरात’ लिहिलेलं नसतं.

तरीही माझं म्हणणं असं की विकल्या गेलेल्या मतापेक्षा प्रामाणिक मतच जास्त गोत्यात आणतं. कारण विकलेल्या मताचा संशय येतो, प्रामाणिक माणसाचा येत नाही. तो खरंच आवडलं म्हणून आवडलं सांगतो. पण तो जे खेळला ते तुमच्या घरी येणारच नसतं.

सायबरपंक २०७७ हा गेम आठवा. १० डिसेंबर २०२० ला लाँच. त्याआधी समीक्षकांना दिली गेली ती फक्त पीसी आवृत्ती, आणि लाँचआधीच्या रिव्ह्यूत स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं वापरायला मनाई. कंपनीने दिलेलेच तुकडे लावायचे. पीएस४ आणि जुन्या एक्सबॉक्स वनवर गेम कसा चालतो ते लाँचपूर्वी कोणालाच दाखवलं गेलं नाही. आंब्याच्या पेटीचा वरचा थर दाखवावा तसा हा प्रकार. खालचा थर उघडला तेव्हा आठवडाभरात सोनीने गेम स्वतःच्या स्टोअरमधून काढला आणि जून २०२१ मध्ये परत घेतला. लाँचआधी नऊ-नऊ गुण देणारे खोटारडे नव्हते. त्यांच्या पीसीवर चालत होता.

पीसीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट १ हा गेम पीसीवर आला. पहिल्यांदा सुरू केला की मेन्यूवरच शेडर (दृश्य रंगवायला ग्राफिक्स कार्डाला लागणारे छोटे प्रोग्राम) तयार करत बसायचा, आणि साध्या प्रोसेसरवर अर्धा-पाऊण तास, काहींना त्याहून जास्त लागला. त्यात ८ जीबी व्हीरॅमचं, म्हणजे तेवढी स्वतःची मेमरी असलेलं, कार्ड असेल तर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) चिखलासारखी दिसायची, नाहीतर गेम अडकत अडकत चालायचा. २४ जीबी व्हीरॅमचं कार्ड लावून बसलेल्या स्ट्रीमरला यातलं काही जाणवायचं कारणच नाही. आता यातली मेख बघा. पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात रिफंड मिळतो तो खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर. शेडर तयार होत असतानाही गेम चालूच असतो, त्यामुळे घड्याळ पळत असतं. कित्येकांचा त्यातला बराच वेळ पहिला सीन दिसायच्या आधीच गेला.

व्हिडिओ पाहून ‘स्मूथ चालतोय’ असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजेच दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम. एखादी फ्रेम मधेच ८०-१०० मिलिसेकंद अडकली तर हाताला झटका जाणवतो, पण कोपऱ्यातला सरासरी आकडा ६० च्या आसपासच राहतो. वर यूट्यूबवर ६० फ्रेमचा व्हिडिओ दिसतो तो ७२०पी किंवा त्याहून वरच्या दर्जालाच. डेटा वाचवायला ४८०पी लावलंत की जास्तीत जास्त ३०. म्हणजे लोकलमध्ये उभ्याने ४८०पीवर रिव्ह्यू पाहून गेमच्या स्मूथपणाबद्दल मत बनवणं निव्वळ हवेतलं आहे. आकड्यापेक्षा फ्रेमटाइमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याची, रेघ बघायची. ती सपाट असेल तर ४५ एफपीएससुद्धा गोड लागतात. शेंड्या उभ्या राहिल्या असतील तर ९० सुद्धा टोचतात. डिजिटल फाउंड्रीसारखी मोजकी चॅनेल ही रेघ स्क्रीनवर दाखवतात. बाकीचे बहुतेक जण दाखवत नाहीत.

मोबाइलवर तर हा घोळ आणखी मोठा. बीजीएमआय या बंदुकबाजीच्या गेममध्ये नावाजलेल्या खेळाडूची सेन्सिटिव्हिटी (बोट फिरवल्यावर नजर किती वळते ते सेटिंग) जशीच्या तशी उचलायची, रिकॉइल म्हणजे बंदुकीचा झटका आवरला नाही की ‘गेमच खराब झालाय, अपडेटनंतर लॅग वाढलाय’ असं ठोकून द्यायचं. तो खेळाडू आयपॅडवर किंवा ९०-१२० एफपीएसच्या फोनवर खेळतो. आयपॅडच्या ४:३ स्क्रीनवर वरचा-खालचा भाग जास्त दिसतो, अंगठा फिरवायला जागा जास्त, टच जास्त वेगाने नोंदला जातो, जायरो (फोन कलवून नेम धरायचा सेन्सर) वेगळा. तुमच्या फोनमध्ये फ्रेमरेट ‘अल्ट्रा’पर्यंतच जात असेल तर तुम्हाला ४० एफपीएस मिळतात. ‘एक्स्ट्रीम’ असेल तर ६०. तेव्हा आधी ग्राफिक्स ‘स्मूथ’वर आणा, फोनला पेलेल तेवढा वरचा फ्रेमरेट लावा, पंधरा-वीस मिनिटं खेळून फोन तापल्यावर तो टिकतो का ते बघा. मग ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन एका वेळी एकाच स्कोपचा आकडा थोडा थोडा हलवा. दुसऱ्याच्या सेन्सिटिव्हिटीचा तयार कोड ही फार तर सुरुवातीची जागा. त्यावरून गेमचा दर्जा ठरत नाही आणि तुमचाही.

स्ट्रीमरमुळे भलं झाल्याची उदाहरणंही आहेत. अमंग अस, खेळणाऱ्यांत लपलेला दगाबाज बोलण्यातून ओळखायचा गेम, जून २०१८ मध्ये आला आणि जवळजवळ दोन वर्षं कोपऱ्यात पडून होता. २०२० मध्ये स्ट्रीमरनी उचलला आणि जगभर गेला. तिथेही खुबी अशी की पाहताना आलेली मजा निम्मी एकत्र खेळणाऱ्या त्या दहा जणांच्या गप्पांची असते. एकमेकांना ओळखणारे, चांगला माइक असलेले, बोलायला तरबेज लोक. अनोळखी लॉबीत तीन जण मधेच पळाले की उरतं काय? असा गेम घेण्याआधी एकाच वेळी ऑनलाइन येणारे चार मित्र आहेत का तेवढं मोजावं.

आता शिव्यांकडे येऊ. माझ्या मते आज कौतुकापेक्षा संतापाचा प्रभाव कितीतरी मोठा आहे, आणि त्याला ना लेबल लागतं ना दंड. लाल बाण, फाटलेलं तोंड आणि ‘हा गेम मेला’ असा थंबनेल लावला की क्लिक येतात. मार्च २०२४ चा ड्रॅगन्स डॉग्मा २ घ्या. लाँचच्या दिवशी स्टोअरवर सुटे विकत मिळणारे आयटम दिसले आणि ‘फास्ट ट्रॅव्हल पैसे घेऊन विकतायत’ (म्हणजे गेममध्ये दूरच्या जागी झटक्यात पोचायची सोय) अशी हाकाटी उठली. वस्तुस्थिती अशी की फास्ट ट्रॅव्हलची जागा ठरवणाऱ्या ज्या पोर्टक्रिस्टलवरून एवढं रान उठलं ते गेममध्ये खेळता खेळताही मिळतं, विकतचं घ्यायची कुणाला गरज नाही. ही यादी लाँचच्याच दिवशी समोर आली, म्हणून राग यावा हे समजू शकतं. पण त्या आरडाओरड्यात खरी कामाची तक्रार बुडाली. शहरात शिरलं की गेम अडखळत होता, कारण तिथल्या शेकडो पात्रांच्या हालचालींचा भार प्रोसेसरवर पडत होता. म्हणजे ग्राफिक्स सेटिंग कमी करूनही फारसा उपयोग नाही. जुना प्रोसेसर आणि नवं कार्ड अशी जोडी असलेल्या माणसाला हे एक वाक्य पन्नास संतापी व्हिडिओंपेक्षा मोलाचं होतं.

सगळा जमाव नेहमी चुकतो असंही नाही. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ च्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशनचं खातं जोडण्याची सक्ती आली. ज्या देशांत ती सेवाच नाही त्यांनी करायचं काय? दोन लाखांवर नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि सोनीने काही दिवसांत माघार घेतली. याउलट सप्टेंबर २०१७ मध्ये फायरवॉच या गेमवर जी झोड उठली तिचा गेमशी काडीचा संबंध नव्हता. प्यूडीपायने स्ट्रीमवर वर्णद्वेषी शब्द वापरला, गेम बनवणाऱ्यांनी त्याचा व्हिडिओ काढायला लावला आणि चाहत्यांनी राग गेमच्या रिव्ह्यूवर काढला. त्याच महिन्यात स्टीमने रिव्ह्यूचा आलेख आणला आणि २०१९ पासून विषयाबाहेरची झोड गुणांतून वगळायला सुरुवात केली. त्या आलेखात एकदम लाल सुळका दिसला तर त्या आठवड्यातले चार-पाच रिव्ह्यू उघडून वाचायचे. कारण गेमचं आहे की भांडणाचं, ते दोन मिनिटांत कळतं.

स्टीमचा टक्का परीक्षेच्या गुणांसारखा वाचू नये. ७८ टक्के म्हणजे शंभरातल्या ७८ जणांनी अंगठा वर केला, गेमला ७८ गुण मिळाले असं नव्हे. ‘मिक्स्ड’ हा शब्द ४० ते ६९ टक्क्यांना लागतो, आणि विशिष्ट चवीच्या माणसासाठी त्यात हिरे दडलेले असतात. रिव्ह्यूशेजारी खेळलेले तास दिसतात, गेम फुकट मिळाला असेल तर तेही दिसतं. मी आधी नकारात्मकच वाचतो, तेही दहा तासांच्या वर खेळलेल्यांचे. ‘कंटाळवाणा आहे’ सोडून द्यायचं, ‘तिसऱ्या प्रकरणानंतर सेव्ह फाइल खराब होते’ टिपून ठेवायचं.

आणि तारीख बघा. सायबरपंकवर डिसेंबर २०२० मध्ये टाकलेले व्हिडिओ अजून तसेच शोधात वर येतात, तर सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचने (मोठ्या अपडेटने) त्या गेमचा ढाचाच बदलला. गेम बदलतो, व्हिडिओ बदलत नाही.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा गेम २०२० मध्ये आला तेव्हा आपल्याकडे वेगळीच गंमत झाली. ‘भारतीय गेम आहे, पाठिंबा द्या’ इथेच बऱ्याच जणांचा रिव्ह्यू संपला. चित्रं आणि संगीत देखणं, मारामारी थोडी ढिली, आठवडाअखेरीस संपेल एवढी लांबी. हे सरळ सांगितलं असतं तर योग्य माणसांपर्यंत गेम पोचला असता. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा इंडस २०२४ मध्ये आला तेव्हाही तेच, एकीकडे छाती फुगवणारे, दुसरीकडे ‘बीजीएमआयची नक्कल’ म्हणून न खेळताच नाक मुरडणारे.

जॉन बेन म्हणजे टोटलबिस्किट हा गेम-समीक्षक यूट्यूबर हयात असताना त्याचा व्हिडिओ अनेकदा गेमच्या ऑप्शन्स मेन्यूपासून सुरू व्हायचा. फील्ड ऑफ व्ह्यू (दृश्य किती रुंद दिसतं ते) बदलता येतो का, फ्रेमरेटवर कुलूप आहे का, बटणं बदलता येतात का. कंटाळवाणं वाटायचं, पण विकत घेणाऱ्याला लागतं तेच. आपल्याकडच्या हिंदी-मराठी चॅनेलवाल्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ: पहिल्या मिनिटात मशीन, रिझोल्यूशन, खेळलेले तास, पॅचचा क्रमांक, आणि गेम विकत घेतला की फुकट मिळाला.

घ्यायचं ठरलंच तर स्टीमच्या रिफंडचे ते दोन तास नीट वापरा. इन्स्टॉल झाल्यावर वेळ मोकळा असेल तेव्हाच सुरू करा. शेडर होऊ द्या, पण किती मिनिटं गेली ते बघा. आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर ही मोजणी दाखवणारी सॉफ्टवेअर लावून फ्रेमटाइमची रेघ चालू ठेवा. सुरुवातीचा भाग बहुतेकदा अरुंद वाटेतला, हलका असतो, त्यावर विसंबू नका. उघडं मैदान किंवा वस्ती लागेपर्यंत जा. तासाभरात तिथे पोचला नाहीत तर त्या भागाचा तुमच्याच कार्डावरचा व्हिडिओ शोधा. दीड तासाला थांबून ठरवा. लाँचआधी खेळायला देणारी महागडी आवृत्ती घेतली असेल तर एप्रिल २०२४ पासून तो वेळही दोन तासांत धरला जातो, हे विसरू नका.

कमेंटमध्ये ‘कुठला घेऊ’ विचारणार असाल तर ग्राफिक्स कार्ड आणि त्याची व्हीरॅम, प्रोसेसर, रॅम, एसएसडी की हार्ड डिस्क, स्क्रीन किती हर्ट्झची आणि आधी मनापासून संपवलेले तीन गेम एवढं लिहा. नुसतं ‘जीटीए सोडून काहीतरी सांगा’ असं लिहिणाऱ्यांना उत्तर देत नाही.