बूट विकणारा फोटो कला का नाही?

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की फॅशन फोटोग्राफर हा शेवटी क्लायंटचा पगारी माणूस, माल खपवणं हे त्याचं काम, पैशाने फोटो बिघडतोच, आणि मी त्याला उगाच कलेच्या पाटावर बसवतोय. मला हे अजिबात पटत नाही, का ते सांगतो.

फ्रेंच फॅशन फोटोग्राफर गी बूर्दँ घ्या. शार्ल जूर्दां या फ्रेंच बुटांच्या कंपनीच्या जाहिराती त्याने वर्षानुवर्षं केल्या. १९७९ मध्ये तो कॅडिलॅक घेऊन इंग्लंडमध्ये फिरला, मॉडेल म्हणून सोबत काय, तर दुकानातल्या पुतळ्याचे गुडघ्याखालचे कापलेले पाय! त्यांना कंपनीचे हाय हील्स चढवायचे आणि बस स्टॉपवर, बाकाशी उभे करायचे, बाकीची बाई गायब. आता बूट एकदम स्वच्छ दिसतो, म्हणजे क्लायंटचं काम चोख झालं, पण आपली नजर तिथे थांबतच नाही, ती वर सरकते, जिथे कोणीच नाही, आणि तिथेच अडकते. जाहिरातवाले बाईचे कसे तुकडे करतात ते त्याने जाहिरातीतच दाखवलं, तेही कंपनीच्या पैशाने. त्यातला बूट काढा, फोटो कोसळतो.

आणि गॅलरीने शिक्का मारला म्हणून मी हे म्हणत नाहीये. १९८५ मध्ये फ्रेंच सरकारचा फोटोग्राफीचा राष्ट्रीय पुरस्कार याच माणसाने नाकारला, जिवंतपणी त्याचं पुस्तकही आलं नाही. त्याची जागा म्हणजे मासिकाचं पान, दोन पानांमधली घडीसुद्धा तो रचनेत धरायचा.

पैसा फोटो बिघडवतो हे मात्र तुमचं खरं आहे, फक्त माझ्या मते तो मानधनातून नाही बिघडवत. हल्ली एकाच शूटमधून होर्डिंग, वेबसाइट, मोबाईलची उभी स्क्रीन सगळं काढायचं असतं, मग फ्रेम अशी धरायची की कुठूनही क्रॉप केली तरी चालेल, आणि अशा फ्रेममध्ये फोटोग्राफरने ठरवण्यासारखं राहतंच काय? मला खरा राग याचा येतो.

तरीही चांगला फोटो होतो कधीकधी. २००८ च्या मार्क जेकब्ज या फॅशन ब्रँडच्या जाहिरातीत फोटोग्राफर युर्गन टेलरने गायिका-सेलिब्रिटी व्हिक्टोरिया बेकहॅमला ब्रँडच्या भल्यामोठ्या शॉपिंग बॅगेत घातलं, बाहेर लोंबतायत फक्त पाय. स्वतःचं नाव विकणारी बाई अक्षरशः माल झालीय, तेही स्वतः राजी होऊन. हा फोटो केवळ जाहिरात म्हणून बाद करणार असाल तर कशाच्या जोरावर, हे मला तुमच्याकडून खरंच ऐकायचंय.