बारा वर्षांनी भाडेकरू घराचा मालक होत नाही

‘सुप्रीम कोर्टाचा निकाल! भाडेकरू 12 वर्षं राहिला की घर त्याचं. म्हणून करार 11 महिन्यांचाच करा, नोंदणी नको, भाड्याची पावतीही देऊ नका.’ सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजचा सल्ला घरमालकालाच गोत्यात आणणारा आहे.

निकाल खरा आहे, अर्थ खोटा. 2019 च्या रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात प्रश्न प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून त्याच्या मालमत्तेवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या ताब्याचा होता. अशा ताब्याने मालकी मिळवलेल्याला स्वतःहूनही दावा लावता येतो, एवढंच न्यायालयाने ठरवलं. त्याने भाडेकरू मालक होत नाही.

बारा वर्षांचा आकडा मुदत कायद्यातला, म्हणजे दावा कधीपर्यंत लावता येतो हे ठरवणाऱ्या कायद्यातला. पण ती वर्षं मोजायची तर ताबा मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे आणि सलग ठेवलेला असावा लागतो. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, दरमहा भाडं देऊन त्याची मालकी मान्य करतो. भाडेपट्टा चालू असताना ती नाकारायला पुरावा कायदाच त्याला मनाई करतो. मग तो चाळीस वर्षं का राहिना! गिरगाव-दादरच्या चाळींतले पागडीवाले पिढ्यान् पिढ्या राहिले. त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, पण कायद्याने ते भाडेकरूच. सांभाळायचं ते वेगळंच : भाडेपट्टा संपल्यावर ताबा मागायला कोर्टात जाण्याची मुदत 12 वर्षांची असते. तोवर गप्प बसू नका.

पावतीचं तर उलटंच आहे. समोरचा माणूस परवानगीने राहतोय, हे सिद्ध करणारा कागद तोच. शिवाय भाड्याची लेखी पावती देणं हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार मालकाचं कर्तव्य आहे.

आणि नोंदणी. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सहसा सूट आहे, अकरा महिन्यांची प्रथा त्यातून आली. महाराष्ट्रात ती पळवाट चालत नाही. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची, चुकल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका असा, की अटींवरून वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात.