जाड माणसाने पहिल्याच दिवशी बरोबरीने उड्या माराव्यात म्हणे

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत ज्याच्या त्याच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: वजन जास्त आहे? मग किनाऱ्यावरच्या हाय इंटेन्सिटी बॅचला (थोडा वेळ जोरात, थोडा आराम, पुन्हा जोरात असा व्यायाम) जा, पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या बरोबरीने करा, थांबलात तर फायदा शून्य, मधे पाणी नको, घाम म्हणजे वितळलेली चरबी, दुखतंय म्हणजे लागू पडतंय, वाळूत गुडघ्यांना काही होत नाही, आणि सगळं रिकाम्या पोटी. खाली हात जोडलेले इमोजी.

बॅचला जा एवढं बरोबर आहे हो. आधी बारीक व्हायचं आणि मग व्यायामाला यायचं असं काही नसतं. बाकीचं बघू.

घाम म्हणजे चरबी? घाम म्हणजे पाणी नि मीठ. 10 किलो चरबी जळली तर त्यातली साधारण 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि उरलेल्याचं पाणी होतं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर नुसतं उभं राहिलं तरी बनियन भिजतं, मग काय उभ्या उभ्या बारीक होतो का आपण? उलट दमट हवेत घाम सुकत नाही, तो सुकला नाही की अंग थंड होत नाही, आणि जाड माणूस तसाही लवकर तापतो. त्यावर प्लास्टिकचा सूट चढवून भाट्याच्या किनाऱ्यावर धावणारे महाभाग दिसले की मलाच धडकी भरते. मधे पाणी नको हे तर सरळ धोक्याचं, तहान लागली की प्या, घरी येऊन मीठ घातलेलं कोकम सरबत घ्या (बीपीवाल्यांनी मीठ बेताने).

आता सगळ्यात घातक, "सगळ्यांच्या बरोबरीने". कुठल्याही बॅचमधे चार पोरं पोलीस भरतीची तयारी करणारी असतात, त्यांच्या बरोबरीने तुम्ही का करायचं? 20 सेकंद जोरात, 10 सेकंद आराम हा जो टबाटा सगळीकडे चालतो तो 1996 च्या जपानी अभ्यासातून आला, आणि तो अभ्यास फिजिकल एज्युकेशनच्या तरण्या पोरांवर, तोसुद्धा जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर झालेला, एकही बर्पी (हात टेकून पाय मागे टाकायचे नि परत उडी मारत उठायचं) नव्हती त्यात. हाय इंटेन्सिटी म्हणजे तुमच्या दमाला हाय, बाजूच्याच्या नाही. एक-दोन शब्दांपुढे बोलता येत नसेल तर तुम्ही तिथे पोचलात, मग ते बर्पीने होवो की घाटी चढून. सुरुवातीला तर बोलता येईल इतपतच ठेवा, काही आठवडे, मग 20 सेकंद जोर आणि मिनिटभर किंवा जास्त आराम. उडी मारायच्या जागी बाजूला पाऊल टाका, पुशअप भिंतीला नाहीतर चिऱ्याच्या कट्ट्याला हात टेकून, स्क्वॉट म्हणजे खुर्चीवर बसा नि उठा. आठवड्यातून दोनदा-तीनदा पुरे, मधे एक दिवस सोडून. हे सगळं ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगायचं, आणि त्यावर तो हसला तर सरळ दुसरी बॅच बघायची, लाजायचं काय त्यात.

दुखतंय म्हणजे लागू पडतंय? मांड्या, दंड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात ते ठीक, तीन-चार दिवसांत जातं. पण सांध्यात कळ आली तर थांबायचं. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यापुढे अंधारी, तर व्यायाम बंद आणि ताबडतोब हॉस्पिटल. आणि एक फारसं कुणी सांगत नाही: सवय नसताना बेफाम केलं तर स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि किडनीवर ताण येतो. स्नायू सुजून प्रचंड दुखतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. अशी झाली तर उद्यापर्यंत थांबू नका.

वाळूचं अर्धं खरं. आपटणं कमी होतं हे मान्य, पण कोरड्या वाळूत धावायला कडक जमिनीच्या साधारण 1.6 पट ऊर्जा लागते, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर भरून येते. ओल्या वाळूला उतार असतो, एकाच दिशेने धावलं तर एका पायावर जास्त भार, म्हणून जाऊन परत या. आधी नुसतं चालणंच बरं.

रिकाम्या पोटी? निरोगी माणसाला चालतं, सक्ती कसली? वाटीभर पेज पिऊन तासाभराने गेलात तरी काही बिघडत नाही. पण शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशी अजिबात नको, साखर एकदम खाली येऊ शकते, खिशात साखरेची पुडी ठेवा. अशांनी, बीपीवाल्यांनी आणि हृदयाचा काही त्रास असलेल्यांनी बॅच लावायच्या आधी डॉक्टरला विचारायचं. बीपीच्या काही गोळ्यांनी, म्हणजे बीटा ब्लॉकरने, हृदयाचे ठोके मुळातच कमी राहतात, त्यामुळे घड्याळातला आकडा बघून "अजून जोर आहे" असं ठरवू नका.