पिल्लाला उपाशी ठेवा, असं मी म्हटलेलं नाही

नमस्कार. पिल्लांच्या आहारावरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, राग पोचला. ‘ग्रेट डेनचं पिल्लू बघता बघता वासराएवढं होतं, आणि तुम्ही त्याला कॅल्शियम नको म्हणता, जेवणही मोजून द्या म्हणता, म्हणजे उपाशीच ठेवायचं की!’ हा तुमचा मुख्य आक्षेप. शिवाय, तुमच्या आधीच्या तिन्ही कुत्र्यांना कॅल्शियमची पावडर दिली होती आणि ती धडधाकट निघाली. आणि घरचं खाणाऱ्या पिल्लांबद्दल माझ्या लेखात एक ओळही नाही.

शेवटापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘वरून कॅल्शियम देऊ नका’ हे मी सरसकट लिहून टाकलं. ते लागू आहे फक्त वाढीच्या वयासाठी बनवलेलं, संतुलित तयार खाद्य खाणाऱ्या पिल्लाला. नुसत्या मांसावर वाढणाऱ्याची गोष्ट अगदी उलटी. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडंच पोखरतं, आणि एखाद्या साध्या उडीनेही हाड मोडू शकतं. अशा पिल्लाला कॅल्शियम लागतंच. पण किती, ते डब्यातल्या चमच्याने ठरवायचं नसतं. आहाराची जाण असलेल्या पशुवैद्याकडून अख्खं जेवणच आखून घ्यावं लागतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

बाकीच्या दोन मुद्द्यांवर मात्र मी मागे हटणार नाही.

आधी पावडर. वाढलेल्या कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम बऱ्यापैकी बाहेरच थोपवतं. पिल्लाला साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत ते नीट जमत नाही. भांड्यात जेवढं जास्त, तेवढं अंगात जास्त. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हेझविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं ते नेमकं तुमच्याच जातीच्या, ग्रेट डेनच्या पिल्लांवर. १९८५ साली त्यांनी जे छापलं त्यात, नेहमीच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या सांगाड्यात दोष जास्त आणि गंभीर होते. हाड लांबतं ते टोकाशी असलेल्या कूर्चेचं हळूहळू हाड होत गेल्याने. कॅल्शियम अति झालं की हीच क्रिया अडते. कूर्चा जाड आणि कच्ची राहते, सांध्यात तिचा पापुद्रा सुटतो, आणि पिल्लू खांद्यातून नाहीतर कोपरातून लंगडायला लागतं. म्हणजे हाडं मजबूत व्हावीत म्हणून आपण जे घालतो, तेच हाड बनण्याच्या आड येतं.

तुमची तिन्ही कुत्री ठणठणीत आहेत याचा आनंदच आहे. माझ्या पहिल्या जर्मन शेफर्डला मीही असाच अख्खा डबा संपवला होता, आणि पाचव्या महिन्यात तो पुढच्या पायाने लंगडू लागला. पावडरीमुळे की रक्तातच होतं, ते मला कधीच कळलं नाही. त्यामुळे माझ्या एका कुत्र्यावरून माझं म्हणणं सिद्ध होत नाही आणि तुमच्या तिघांवरून तुमचं.

आता ‘उपाशी’. एका अभ्यासात अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर पिल्लं घेतली, एकाच वेतातल्यांच्या जोड्या लावल्या, आणि आठव्या आठवड्यापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, ते आयुष्यभर. दोन वर्षांची झाल्यावर कमी खाणाऱ्यांत खुब्याचा डिसप्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार, कितीतरी कमी आढळला. २००२ साली आयुष्याचा हिशोब छापून आला: भरपूर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, मोजून खाणाऱ्यांचं १३. कमी खाणारी उपाशी नव्हती, सडसडीत होती. शेवटी उंची किती होणार ते मुख्यतः आईबापांकडून ठरून आलेलं असतं. जास्त खाऊ घालून आपण ती फक्त घाईने गाठतो, आणि ओझं पेलणारे सांधे तेव्हा तयार नसतात. गुटगुटीत पिल्लू फोटोत छान दिसतं, हे मान्य.

बरगड्या हाताने बघा. मूठ आवळून पेरांच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा: पिल्लाच्या बरगड्या तशा लागल्या तर ते खरंच हडकुळं आहे, वाढवा. उघड्या तळव्यासारखं मऊ लागलं तर कमी करा. आपला हात सपाट पसरून तळव्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं, तसं हवं. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. दर आठवड्याला वजन करा आणि त्याप्रमाणे माप बदला. पिशवीवरचा तक्ता फक्त सुरुवातीसाठी.

प्रोटीन कापायला मी सांगितलेलं नाही. डेनच्या पिल्लांवर तेही तपासून झालंय, जास्त प्रोटीनने हाडं बिघडली नाहीत. आणि उन्हात बसवून ड जीवनसत्त्व मिळवणं माणसाला जमतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं बनत नाही, खाण्यातूनच यावं लागतं.

तुमचं आत्ताचं पिल्लू चार महिन्यांचं आहे आणि तयार खाद्यावर आहे असं लिहिलंत. मग पावडर आजपासून बंद करा. पिशवीवर, पूर्ण वाढ झाल्यावर ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीसाठीही हे खाद्य चालतं, असं स्पष्ट छापलंय का ते बघा. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या आफ्को या अमेरिकी संघटनेच्या निकषानुसार अशा खाद्यात कॅल्शियम कोरड्या वजनाच्या १.८ टक्क्यांवर जाता कामा नये. आणि सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं ते कसं टाकतं, तेवढं बघून मला कळवा.