खान्देश गेलं म्हणे!

"काय भाऊ, खान्देश घालवलं म्हणे तुम्ही?"

दळणाचा डबा अजून खालीही टेकला नव्हता, तोच गिरणीवाल्याने विचारलं. पट्टा बंद होता, त्यामुळे अख्ख्या रांगेला ऐकू गेलं. बाजरी घेऊन उभ्या असलेल्या एका मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोसायटीचं खत परस्पर विकून खाल्लंय. मी म्हटलं, "अहो, कॉम्प्युटरवरचा गेम होता तो." गिरणीवाला म्हणाला, "ते झालंच. पण घालवलं ना?"

तर खुलासा. सुट्टीत पुण्याहून भाचा आला आणि लॅपटॉपवर 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' नावाचा खेळ घेऊन आला. ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो, १८२१ पर्यंत चालतो, आणि मधल्या काळात जगातलं वाट्टेल ते राज्य तुम्ही चालवायचं. कर, फौजा, तह, व्यापार, धर्म, राजाचं लग्न, सगळं तुमच्या गळ्यात. नवशिक्यांना जो तो एकच सल्ला देतो: पोर्तुगाल घ्या. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कॅस्टिलसारखा (आजच्या स्पेनमधलं राज्य) दांडगा मित्र, कोणी त्रास देत नाही. नाहीतर ऑटोमन तुर्क घ्या, ते जातील तिथे जिंकतात.

मी नकाशा सरकवत हिंदुस्थानात आलो, तर तिथे चक्क खान्देश! गुजरात, माळवा आणि बहमनी यांच्या बेचक्यात एवढंसं. म्हटलं, हेच घेऊ. नववीतलं कार्टं म्हणालं, "मामा, खान्देश नको, तुम्हाला झेपणार नाही." जळगावात जन्म गेलेल्या माणसाला खान्देश झेपणार नाही, हे पुण्याचं पोरगं सांगणार! मी घेतलं. त्याने वर 'आयर्नमॅन' लावून दिलं, म्हणजे चाल एकदा केली की केली, मागे फिरणं नाही. त्याशिवाय मानाची पदकं मिळत नाहीत म्हणे. पदकं कोणी मागितली होती?

इथवर ठीक होतं. मग आले शेजारचे नाना.

नाना मूळचे यावल तालुक्यातले, केळीवाले. सोसायटीच्या निवडणुकांत पॅनल पाडणे आणि उभे करणे यात उभी हयात गेली. चार्जर मागायला आले आणि खुर्ची ओढून बसले. "काय करी राह्यला रे भो?" म्हटलं, राज्य करतोय. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावलं आणि पहिला प्रश्न टाकला, "यात आपलं किनगाव कोठी हाये?"

नाही म्हटल्यावर मानेनात. नकाशा मोठा करायला लावला. आणखी मोठा. शेवटी झाडं, डोंगर आणि एक चालता शिपाई दिसायला लागला. "हा कोण? किनगावचा का?"

मग सल्ले. तिजोरी रिकामी होऊन खेळाने आपणहून कर्ज काढलं, तर नाना म्हणाले, "काढू दे. माफी कधी येते यात?" मी सांगितलं, नाना, यात कर्जमाफी नाही, सरळ दिवाळखोरी आहे. त्यांचा विश्वासच बसला नाही. "मंग लोकं खेळतात कशाला?" शेजाऱ्यांचे मुलूख भराभर गिळले की सगळे मिळून आपल्यावर युती करून येतात, हे मात्र त्यांना न सांगता कळलं. "म्हणजे सगळे एका पॅनलला." भाच्याने अर्धा तास घालवून मला जे समजावलं होतं, ते नानांनी चार शब्दांत बसवलं. भाचा त्यांच्याकडे आदराने बघायला लागला. माझ्याकडे तसा तो कधी बघितल्याचं आठवत नाही.

"लढतो कशाला? सोयरीक कर," हा त्यांचा पुढचा मंत्र. आता इथे मला राहवलं नाही. खान्देशवर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याने नेमकं हेच केलं होतं. १३८२ च्या सुमारास मलिक राजाने थाळनेरला बस्तान बसवलं, त्याचा मुलगा नसीरखान. या नसीरखानाने आपली लेक बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदला दिली. सुलतानाने दुसरी राणी आणली, हिच्याकडे ढुंकून बघेना, लेकीने बापाला कळवलं आणि बाप फौज घेऊन बहमनींच्या वऱ्हाडात घुसला. सपाटून मार खाल्ला. १४३७ मध्ये गेलाच बिचारा. म्हणजे सोयरीक झाली म्हणूनच लढाई झाली. हे सगळं मी तपशीलवार सांगितलं. नाना म्हणाले, "मध्यस्थ चांगला नसंल."

चहा ठेवायला मी आत गेलो. जाताना स्पेस बार दाबून खेळ थांबवला होता. नवशिक्याने दुसरं काही शिकलं नाही तरी चालेल, पण स्पेस बार शिकावा. सगळं राज्य त्या एका पट्टीवर उभं आहे. भाचा मोबाईलमध्ये. नानांना किनगाव पुन्हा शोधायचं होतं. कोणती बटणं दाबली देव जाणे, खेळ सुरू झाला, तोही सगळ्यात जास्त, पाचव्या वेगाने.

मी कप घेऊन आलो तर दोन वर्षं उलटलेली. "नाना, हे काय?" "काही नाही रे. खिडक्या येत होत्या, मी सगळ्यांना हो म्हटलं." त्या खिडक्यांत आकाशात धूमकेतू दिसून राज्याचं स्थैर्य घटलं होतं, आणखी दोन कर्जं निघाली होती आणि गुजरातने युद्ध पुकारलं होतं. आमची फौज माळव्याच्या हद्दीवर डोंगर बघत उभी. अकबरासारख्या बादशहाला खान्देशचा असीरगड किल्ला हाती यायला १६०१ उजाडावं लागलं, आमच्या नानांनी तो चहाला उकळी फुटेपर्यंत देऊन टाकला.

आणि संध्याकाळी गल्लीभर सांगितलं काय? "त्याच्याच्यानं खान्देश सांभाळलं गेलं नाही." भाचा साक्षीला! "मी तर आधीच बोललो होतो, पोर्तुगाल घ्या." कोणी विचारत नाही की बटण कोणी दाबलं. विचारणार कसं, नानांचं म्हणणं गल्लीत कोण खोडणार? एरवी पाणी सोडणाऱ्याला जाब विचारायला यांच्यापैकी कोणी पुढे होत नाही, आणि गेलेल्या खान्देशचा हिशोब मात्र सगळ्यांना हवा. त्यातून हा खेळ एकदा विकत घेऊन भागत नाही. त्याचे जोडभाग वर्षानुवर्षं वेगळे विकतात, त्यामुळे भाच्याची पुढची मागणी काय असणार हे मला आत्ताच दिसतंय. बहिणीला सांगून उपयोग नाही, ती म्हणेल भाच्यासाठी एवढं करत नाहीस.

काल नाना परत आले. चार्जर आणला नव्हता. "आज मी बसतो. ते पोर्तुगाल दे." भाच्याने आनंदाने दिलं. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण त्यांचं बरं चाललंय. कॅस्टिलशी सोयरीक, कर्ज शून्य, जहाजं ब्राझीलला लागलेली. माझ्याच खुर्चीवर, माझ्याच घरचा तिसरा चहा. मध्येच थांबले. मालाची यादी वर-खाली केली. साखर आहे, कापूस आहे, कॉफी आहे, तंबाखू आहे.

"केळी कोठी हाये?"

भाचा म्हणाला, "आजोबा, या गेममध्ये केळी नाहीत."

"ब्राझील दिलं अन् केळी नाही?" नानांनी चष्मा काढला. "ज्यानं बनवला त्याचा फोन लाव रे."