‘१०० मीटर’ खोटं नव्हतं, अर्धवट होतं

नमस्कार,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, ‘खोक्यावर १०० मीटर छापलंय आणि शेजारच्या खोलीत गेलं की गाणं तुटतं. सरळसरळ फसवणूक.’ तुमचा राग रास्त आहे. कॉम्प्युटरला लावायच्या या ब्लूटूथ अडॅप्टरमध्ये खोट नाही, आमच्या खोक्यावर आहे.

आमचा ब्लूटूथ अडॅप्टर क्लास १ चा, म्हणजे कमाल १०० मिलिवॅट शक्तीने लहरी पाठवणारा. तुमचे हेडफोन क्लास २ चे आहेत: कमाल २.५ मिलिवॅट, पल्ला ढोबळमानाने १० मीटर. आता ब्लूटूथ काही रेडिओ स्टेशनसारखं एकतर्फी नसतं. आलेल्या प्रत्येक पॅकेटची, म्हणजे गाण्याच्या छोट्या तुकड्याची, पोच हेडफोनला उलट पाठवावी लागते. तुम्ही लांब गेलात की अडॅप्टरचं हेडफोनला ऐकू येतं, पण हेडफोनची पोच अडॅप्टरपर्यंत येत नाही. मग तो तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि इकडे गाणं अडखळतं. जोडीतली दुबळी बाजू पल्ला ठरवते. हे आम्ही खोक्यावर कुठेच लिहिलं नव्हतं, ‘१०० मीटर’ मात्र ठळक छापलं.

तेही मोकळ्या मैदानातलं. भिंत आली, मध्ये माणूस उभा राहिला की आकडा झपाट्याने घसरतो; २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि आपलं शरीर बहुतेक पाण्याचंच. नुसती शक्ती वाढवूनही फार साधत नाही. मोकळ्या जागेत दुप्पट अंतराला चौपट शक्ती लागते, म्हणजे ४० पट शक्तीला अंतर जेमतेम सहापट. (‘सुपर लाँग रेंज’ लिहिणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. त्यात आम्हीही आलो.)

तुमच्या फोटोत आणखी एक दिसलं. अडॅप्टर सीपीयूच्या मागच्या बाजूला आहे आणि त्याला अगदी चिकटून यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. त्या पोर्टचा आणि केबलचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो, वर लोखंडी डबा आडवा. एक साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून अडॅप्टर टेबलावर, उघड्यावर आणून बघा. त्याने शेजारच्या खोलीपुरतं काम बहुधा होईल. १०० मीटर होणार नाही, या हेडफोनवर तर नाहीच.

नाही जमलं तर वस्तू परत पाठवा. खोकं फोडलेलं असलं तरी पूर्ण पैसे देऊ, कुरिअरचा खर्चही आमचा. उत्पादनाच्या पानावरची ओळ आजच बदलली: ‘दोन्ही उपकरणं क्लास १ ची असतील आणि मध्ये आडोसा नसेल तर’. छापून तयार असलेल्या खोक्यांवर तेवढंच स्टिकर लावतोय.