पिसं म्हणजे त्याची गोधडीच

लेख मस्त हाय भाऊ, पण पेंग्विन निस्त्या चरबीच्या भरोशावर थंडी काढते असं लिहिलं ते काही मले पटलं नाही. चरबी तर असतेच, पण पिसं काहून सोडली? वरची पिसं छोटी, ताठ, कौलावानी एकावर एक बसलेली, त्याच्यानं वारा अन पाणी आत शिरत नाही, वरून शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीनं पिसाले चोपडत राहते तो. खाली मऊ लव, तिच्यात हवा अडकते अन ती हवाच ऊब धरते. आम्ही डिसेंबरात हरभऱ्याच्या जागलीले जातो तवा एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ बऱ्या पडते, तसंच समजा (आमची थंडी ७-८ डिग्री, तिथं अंटार्क्टिकात उणे ४०, तरी दात आमचेच वाजते). एम्परर पेंग्विनची पिसं तर वरून बाहेरच्या हवेपेक्षाही थंड भरते म्हणे, इतकी कमी गरमी बाहेर निघते. अन वर्षातून एकदा सगळी पिसं एका दमात झडते, कोंबडीवानी थोडी थोडी नाही, मंग नवी येईपर्यंत महिनाभर पाण्यात उतरता येत नाही, बिचारं उपाशीच उभं राहते. हे टाकाले पाहिजे होतं लेखात.